यंत्राच्या डोळ्याची परीक्षा



वसंत व्याख्यानमाला म्हटली की वक्त्याने संतवाङ्मय, शेतीचे प्रश्न, समाजकारण यांपैकी काही विषय घ्यावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हापासून मोठमोठ्या विषयांचीच या व्यासपीठाला सवय आहे. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. इतका लहान की, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. चलचित्र टिपणारा जो डिजिटल कॅमेरा, ज्याला आपण कॅमकॉर्डर म्हणतो, त्याच्या पोटात एक सेन्सर असतो. त्या सेन्सरमध्ये दोष आहे की नाही हे कसे तपासावे, एवढेच मी आज सांगणार आहे. विषय कळल्यावर संयोजकांपैकी एक गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, हे तर दुरुस्तीवाल्याचे काम. ते सभेपुढे कशाला?" मी त्या वेळी त्यांना उत्तर दिले नाही. आजचे सारे व्याख्यान हेच त्यांचे उत्तर समजावे.

प्रथम एक घरची हकीकत सांगतो. माझी एक आत्या घाटाखालच्या एका खेड्यात राहत असे. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. तिच्या सासूच्या, सासूच्या सासूच्या अशा त्या ओव्या कुठे छापलेल्या नव्हत्या आणि घरातल्या नव्या सुनांना त्या येत नव्हत्या. तिचे वय झाले होते. तेव्हा तिच्या ओव्या तिच्या आवाजात आणि तिच्या जात्यासकट टिपून ठेवाव्यात असे मनात आले, आणि २०१२ साली मी एक जुना, एकदा वापरलेला कॅमकॉर्डर विकत घेतला. दुकानाच्या दारात भर दुपारी दोन मिनिटे चित्र घेऊन पाहिले, ते झकास आले, आणि पैसे मोजून मी मोकळा झालो. वस्तू पारखून घ्यावी हे आपण गड्डा कोबी घेतानासुद्धा विसरत नाही, पण यंत्राच्या बाबतीत ते चालू झाले की आपली पारख संपते.

मे महिन्यात मी आत्याकडे गेलो. घरावर टिनाचे छप्पर, आत अंधार, आणि घाटाखालचा उन्हाळा कसा असतो हे आपणांपैकी मलकापूर-खामगावकडून आलेल्या मंडळींना मी सांगायला नको. जाते आणि आत्या दोन्ही चौकटीत यावीत म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर लावून जरा दूर ठेवला. उजेड कमी म्हणून यंत्राची प्रकाश वाढवून दाखवण्याची सोय, जिला गेन म्हणतात, ती पुष्कळ वर नेली. आत्या चाळीस मिनिटे दळत होती, गात होती, मध्ये थांबून बोलत होती. सेकंदाला पंचवीस चित्रे या हिशेबाने साठ हजार चित्रे टिपली गेली. संध्याकाळी शेजारच्या घरी मोठ्या टीव्हीवर ते चित्रण सगळ्यांना दाखवले. थोड्याच वेळात खोलीतल्या बायका एकाएकी गप्प झाल्या.

आत्याच्या कपाळावर तांबडा टिपका होता. वीस वर्षांपूर्वी वैधव्य आल्यापासून तिने कपाळाला कुंकू लावले नव्हते. आता पडद्यावर ते ठसठशीत दिसत होते. कोणी काही बोलेना. शेवटी आत्याच हसून म्हणाली, "मशीननं लावलं त मी काहून पुसू, बापू?" तिच्या हसण्याने वेळ निभावली, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

तो टिपका कुठून आला? हे समजण्यासाठी यंत्राच्या डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपल्या डोळ्यात भिंगामागे जसा नेत्रपटल असतो, तसा कॅमेऱ्यात भिंगामागे सिलिकॉनचा एक पत्रा असतो. त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे पाडलेली असतात. आज ज्याला फुल एचडी म्हणतात त्या चित्रात आडवी १९२० आणि उभी १०८० अशी एकूण २०,७३,६०० घरे भरतात. प्रत्येक घरावर प्रकाश पडला की सिलिकॉनमधले विद्युत्कण सुटे होतात आणि त्या घरात साठतात, अंगणात मांडलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साठावे तसे. ठराविक वेळाने प्रत्येक वाटी मोजायची, ओतून टाकायची आणि पुन्हा मांडायची. या मोजणीचेच नाव चित्र. ज्या सीसीडी नावाच्या रचनेपासून याला सुरुवात झाली ती १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्यात अवघी दहा हजार घरे होती आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. पुढे सीमॉस नावाची दुसरी रचना आली आणि आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत तीच पोचली आहे.

या घरांना स्वतःला रंग कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी गाळणी बसवलेली असते. निम्मी घरे हिरवी, पाव तांबडी आणि पाव निळी. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची ही योजना. आता लाखो वाट्या मांडल्या की त्यांतली एखादी फुटकी निघणारच. ज्या घरात कितीही प्रकाश पडला तरी काही साठत नाही ते मेलेले घर. ते चित्रात काळे राहते. ज्यातून मोजणी नेहमी काठोकाठच येते ते अडकलेले घर. आणि तिसरा प्रकार सर्वांत फसवा. त्या घरात प्रकाश नसतानाही आतल्या आत विद्युत्कण पाझरत राहतात आणि अंधारातही वाटी भरत जाते. त्याला हॉट पिक्सेल म्हणतात. ज्या रंगाच्या गाळणीखालचे घर पाझरते त्या रंगाचा टिपका दिसतो. शेजारच्या घरांवरून रंग जुळवण्याची यंत्राची रीत असल्यामुळे तो टिपका एका घरापुरता न राहता थोडा पसरतो. आत्याच्या कपाळावर आले ते असे एक तांबडे घर होते.

मग दुकानाच्या दारात ते का दिसले नाही? याचे उत्तर समजले म्हणजे परीक्षेची निम्मी विद्या हाती आली. भर उन्हात प्रत्येक वाटी प्रकाशानेच भरून जाते. त्यात एका वाटीतला पाझर कोठे दिसणार? शिवाय हा पाझर उष्णतेने वाढतो. तपमान सहा ते आठ अंशांनी चढले की तो साधारण दुप्पट होतो. बुलढाण्याच्या गार सकाळी २० अंश आणि घाटाखालच्या दुपारी ४४ अंश धरले, आणि हा फरक सेन्सरपर्यंत पोचतो असे मानले, तर चोवीस अंशांत पाझर आठपट ते सोळापट होतो. त्यातच मी गेन वर नेला होता, म्हणजे प्रकाशाबरोबर दोषालाही मोठे केले होते. अंधार, उष्णता आणि गेन हे तिघे एकत्र आले आणि लपलेला दोष उघडा पडला.

तेव्हा परीक्षा करायची ती दोष जिथे लपतो तिथे नव्हे, जिथे तो उघडा पडतो तिथे करावी. खामगावच्या चांदीच्या बाजारात जाणारा शहाणा गिऱ्हाईक आधी काय पाहतो? रिकामा तराजू पाहतो. दोन्ही पारडी मोकळी असताना काटा सरळ उभा राहतो की नाही, पासंग किती आहे, हे पाहिल्यावर मग चांदी ठेवू देतो. कॅमेऱ्याची पहिली परीक्षा म्हणजे हा पासंग पाहणे होय.

ती अशी करावी. यंत्र सुरू करून पंधरा-वीस मिनिटे तसेच चालू द्यावे, म्हणजे ते पुरते तापते. भिंगावर झाकण घालावे, आयरिस बंद करता येत असेल तर बंद करावे आणि वर काळे फडके गुंडाळावे. यंत्राला स्वतःच्या मर्जीने काही करू न देता गेन हाताने ठरवावा. आधी शून्यावर, मग मध्यम, मग सर्वांत वर. शटर जितके मंद करता येईल तितके मंद. प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटे चित्रण करावे. मग अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात ते पाहावे. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहणे म्हणजे चष्मा काढून पंचांग वाचण्यासारखे आहे.

काय दिसेल? गेन वर असताना सगळीकडे बारीक कण वळवळताना दिसतील. त्यांना भिऊ नये. ती चांगल्या सेन्सरलाही असणारी खळबळ आहे. ते कण दर चित्रात जागा बदलतात. पण एखादा ठिपका साऱ्या चित्रांत एकाच जागी, एकाच रंगाचा, स्थिर बसलेला असेल तर तो दोष. नाचेल ती खळबळ, बसून राहील तो दोष, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ दिसली तर एकच घर नव्हे, घरांची सबंध ओळच बिघडली असे समजावे, आणि असा जुना कॅमेरा विकत घेऊ नये.

दुसरी परीक्षा उजेडाची. मेलेले घर अंधारात ओळखू येत नाही, कारण काळ्यात काळे लपते. त्यासाठी पांढरा कागद किंवा धुतलेले धोतर सावलीत, सारख्या उजेडात टांगावे आणि मुद्दाम अस्पष्ट करून ते टिपावे, म्हणजे कापडाची वीण ठिपक्यांत मिसळणार नाही. यात काळे वा चुकीच्या रंगाचे टिपके शोधावे. याच परीक्षेत धूळही सापडते. सेन्सरवरच्या काचेवर बसलेला धुळीचा कण आयरिस लहान केली की मऊ कडेचा करडा डाग होऊन दिसतो आणि आयरिस पूर्ण उघडली की जवळजवळ नाहीसा होतो. बिघडलेले घर असे करत नाही. डाग भिंगातला आहे अशी शंका आली तर झूम फिरवून पाहावा. भिंगातला डाग झूमबरोबर रूप बदलतो. सेन्सरवरचा आपली जागा सोडत नाही. धूळ सापडली म्हणून रुमालाने पुसायला जाऊ नये. ओरखडा पडला की तो कायमचा. ते काम जाणत्या माणसाकडे सोपवावे.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी आणि मला सर्वांत मोलाची वाटते. शंका आली की कॅमेरा हलवून पाहा. टिपका वस्तूचा असेल तर वस्तूबरोबर चौकटीत सरकेल. यंत्राचा असेल तर चौकटीतल्या आपल्या जागेवरच बसून राहील. आणि तेच चित्रण दुसऱ्या पडद्यावर लावले तेव्हा टिपका गेला, तर बिचारा कॅमेरा निर्दोष असून दोष टीव्हीचा आहे.

निकोप सेन्सर पुढे कशाने बिघडतो हेही सांगतो. सूर्यावर भिंग रोखू नये हे जुने सांगणे झाले. नवे संकट लग्नाच्या वरातीतले आहे. अलीकडे वरातींत डीजेच्या गाडीवरून लेझरचे झोत सोडतात. असा झोत भिंगातून थेट आत गेला तर क्षणात सेन्सरवर कायमचा चट्टा किंवा रेघ पडू शकते. वरातीत शूटिंग करणाऱ्या मुलांनी तो झोत चुकवावा, आणि अर्थात माणसांच्या डोळ्यांवरही तो पडू देऊ नये, कारण त्या डोळ्यांना सुटे भाग मिळत नाहीत. तिसरे कारण अवकाशातून येते. विश्वकिरणांनी निर्माण केलेले वेगवान कण सिलिकॉनमधले अणू जागचे हलवतात आणि चांगले घर पाझरू लागते. विमानात उंचावर असे कण अधिक भेटतात. म्हणून कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्यालाही वयाबरोबर नवे टिपके येतात, आणि परीक्षा एकदा करून भागत नाही. वहीत तारीख, तपमान, गेन आणि टिपक्याची जागा लिहून ठेवावी आणि वर्षातून दोनदा पडताळावी.

येथपर्यंत कारागिरी झाली. आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे पसरली. रंग बिघडवणारे कॅमेरे आणि रंग चढवणारे हात यांचा सुकाळ असलेल्या काळात, हा रंग पाण्याचा की यंत्राचा, असा प्रश्न मनात येणे गैर नव्हते. त्याचे उत्तर कसे मिळाले? लँडसॅट उपग्रहाने वरून घेतलेल्या चित्रांत २५ मे रोजी पाणी हिरवट होते आणि १० जूनला गुलाबी. जमिनीवरचे कॅमेरे आणि आकाशातला कॅमेरा, दोघांचे सेन्सर वेगळे, दोष असलेच तर वेगळे. तरी दोघांची साक्ष एकच. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणीच तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. एका डोळ्याचा दोष दुसऱ्या डोळ्यात त्याच जागी नसतो, म्हणून दोन डोळ्यांची साक्ष घ्यावी, आणि शक्य तेथे वस्तूलाच विचारावे.

त्याच लोणारच्या काठावर रात्री कॅमेरा तिकाटण्यावर लावून कोणी आकाश टिपले, तर तारे आणि हॉट पिक्सेल दोन्ही चमकतात. कोणता तारा आणि कोणता दोष? घाई करू नये. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून तारे हळूहळू सरकतात. जो सरकत नाही तो बहुधा आकाशातला नव्हे, तो आपल्याच यंत्रातला. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींवर काम करणारे शास्त्रज्ञ नुसते आकाश टिपत नाहीत. ते झाकण घातलेल्या अंधाराची आणि सारख्या उजेडाचीही चित्रे घेतात, आणि यंत्राचा दोष हिशेबातून वजा करूनच ताऱ्याविषयी बोलतात. मी आत्ता सांगितलेल्या परीक्षा त्यांच्याच विद्येचा घरगुती अवतार आहेत.

आणि ही विद्या आता आपणा सर्वांना हवी, कारण साक्षीदार बदलला आहे. पूर्वी गावात काय घडले ते म्हातारी माणसे सांगत. आज कॅमेरा सांगतो. अपघात कोणामुळे झाला, मोर्च्यात दगड कोणी उचलला, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी कोण कोण जमले होते, हे सारे उद्याच्या माणसाला चित्रणच सांगणार. साक्षीदाराची दृष्टी अधू असेल तर वकील आधी तेच विचारतो. कॅमेऱ्याला मात्र कोणी विचारत नाही, कारण यंत्राला पक्षपात नसतो अशी आपली समजूत आहे. पक्षपात नसेल; मोतीबिंदू असू शकतो.

आता आत्याच्या चित्रणाचे काय झाले ते सांगून पुरे करतो. पुढल्या वर्षी आत्या गेली. पुन्हा चित्रण करण्याची वाट बंद झाली. दोष सापडल्यावर मी कॅमेरा जाणत्या माणसाकडे नेला. त्याने त्या घराची जागा यंत्राच्या स्मरणात नोंदवून दिली. आता यंत्र ते घर मोजत नाही, शेजारच्या घरांच्या सरासरीने ती जागा भरते. कारखान्यातून नवा कॅमेरा निघतो तेव्हाही कित्येक घरे अशीच झाकलेली असतात. निर्दोष सेन्सर ही मुळात मोठी दुर्मीळ वस्तू आहे. मोठ्या कॅमेऱ्यांत ब्लॅक बॅलन्स नावाची सोय असते, ती हेच काम घरच्या घरी करते. पण आधी टिपलेल्या साठ हजार चित्रांत टिपका राहिलाच होता. तोही संगणकावर पुसून देण्याची त्या माणसाची तयारी होती. "कुणाला कळणारही नाही," तो म्हणाला.

ते वाक्य ऐकून मी थांबलो. एका दोषाने आत्याच्या कपाळावर कुंकू लावले होते आणि आता मी कुणाला न कळवता तिच्या चेहऱ्यावर हात फिरवणार होतो. मी घरी येऊन ते चित्रण पुन्हा पाहिले, आणि आधी न दिसलेली गोष्ट दिसली. आत्या बोलायला थांबे तेव्हा टिपका बरोबर कपाळावर असे. पण ती दळू लागली की खुंट्याबरोबर तिचे अंग पुढेमागे झुले, आणि टिपका मात्र जागचा हलत नसे. कधी तो केसांवर, कधी गालावर, कधी मागच्या भिंतीवर. ती हलते आहे आणि तो हलत नाही, म्हणजे तो तिचा नव्हे, हे ते चित्रणच ओरडून सांगत होते. तिसरी परीक्षा आत्याने दळता दळता स्वतःच करून ठेवली होती. मला ती वाचता आली नव्हती.

म्हणून मी दोन प्रती केल्या. एक घरच्या मंडळींसाठी, टिपका काढलेली. दुसरी मूळची, जशीच्या तशी. दोन्हींबरोबर कागदावर लिहून ठेवले आहे की, दिसणारा तांबडा टिपका सेन्सरमधल्या एका बिघडलेल्या घराचा आहे, चित्रणाच्या वेळी उन्हाळा होता, गेन वर होता, आणि एका प्रतीतून तो अमुक दिवशी काढला आहे. शंभर वर्षांनी या ओव्या ऐकताना कोणी विचारले की ही बाई कुंकू लावत होती काय, तर त्याला खरे उत्तर मिळावे.

ज्यांच्या घरी कॅमेरा आहे, आणि आज तो कोणाच्या घरी नाही, त्यांनी आज रात्री एवढे करावे. झाकण घालून किंवा भिंगावर काळे फडके धरून दोन मिनिटे अंधार टिपावा आणि तो मोठा करून पाहावा. घरातली वडीलधारी माणसे टिपायची असतील तर त्याआधी जरूर पाहावा, कारण यंत्र पुन्हा मिळते, त्या माणसांना पुन्हा बसवता येत नाही.